दर तासाला जाणारं नेट: सांगलीतल्या एका घरगुती संगणकाचं प्रकरण

जूनची १७ तारीख, रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आक्काचा फोन आला. "अरे, यांचं नेट परत जायला लागलंय. तीन दिवसांवर वीस तारीख आलीय, आणि हे जेवायलासुद्धा उठेनात."

वीस तारखेचं महत्त्व आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दाजी सांगलीच्या विश्रामबाग भागात घरूनच जीएसटीचं काम करतात. हळदीचे काही अडते, दोन-तीन हार्डवेअरवाले, एक बेकरी असे तीसेक पक्षकार. दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बी या विवरणाची मुदत पुढच्या महिन्याच्या २० तारखेला संपते. कर देणं असेल आणि तारीख चुकली, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. पक्षकार ते पैसे भरतो, पण विचारतो दाजींनाच. जीएसटीच्या पोर्टलवर विवरण भरताना ओटीपी यायचा, तो टाकेपर्यंत कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेच्या जागी गोल चिन्ह दिसायचं, आणि सगळं पहिल्यापासून.

मी कोल्हापुरात एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. साठ यंत्रं रोज डोळ्यांखालून जातात, त्यामुळे नातेवाइकांचे असे फोन मला नवे नाहीत. हे प्रकरण मात्र सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. या घरात जवळजवळ प्रत्येक वस्तू बदलून झाली होती आणि दुखणं जागचं हललेलं नव्हतं.

त्या रात्री फोनवर मी निदानाच्या भानगडीत पडलोच नाही. आधी काम मार्गी लागायला हवं होतं. दाजींना म्हटलं, "दाजी, मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग असेल ते चालू करा आणि वायफाय सरळ बंद ठेवा." पाच मिनिटांत त्यांचं पोर्टल उघडलं. पुढची सगळी विवरणं त्यांनी त्या केबलवरच भरली. मुदतीचं ओझं डोक्यावर असताना केलेली दुरुस्ती बहुधा बिघडते, कारण माणूस एकाच दमात चार गोष्टी फिरवतो आणि नंतर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

आधी काय काय होऊन गेलं होतं ते विचारून घेतलं. जानेवारीपासून हा त्रास होता. पहिल्यांदा इंटरनेटवाल्यांकडचा माणूस येऊन राउटर बदलून गेला. आठवडा बरा गेला, मग पुन्हा तेच. मार्चमध्ये गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने व्हायरस असेल म्हणून विंडोज नव्याने टाकून दिलं. एप्रिलमध्ये वायफायचा डोंगल, म्हणजे संगणकाला वायफाय पकडता यावा म्हणून यूएसबीत खोचलेला तुकडा, बदलला. नखाएवढा जुना काढून तसाच नवा लावला. मे महिन्यात रेंज वाढवणारा एक डबा आणून मधल्या पॅसेजमध्ये लावला. एवढा खर्च होऊनही दाजींची तक्रार एका वाक्याचीच राहिली: "महिन्याचे पहिले पंधरा दिवस चालून जातं रे, पण मुदतीच्या आठवड्यात काम वाढलं की दम तोडतं."

सगळ्यांनी याचा अर्थ एकच लावला होता. मुदतीच्या तोंडावर सगळा देश पोर्टलवर तुटून पडतो, त्यामुळे असं होतं. मलाही ते पटण्यासारखं वाटलं. पण पोर्टलवर कितीही गर्दी झाली, तरी घरातला वायफाय तुटायचं काही कारण नाही. दुकानात रांग लागली म्हणून आपल्या घराचं दार बंद होत नाही. पान उघडायला उशीर लागणं वेगळं आणि वायफायची खूण नाहीशी होणं वेगळं. या दोन्हींना आपण "नेट गेलं" असं एकच नाव देतो आणि तिथेच वाट चुकते.

१८ तारखेला संध्याकाळी काम आटोपून सांगलीला गेलो. घर आरसीसीचं, तळमजल्यावरचं. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी आणि संगणक मागच्या खोलीत. मध्ये नऊ इंची विटांची एक भिंत आणि पॅसेज. संगणक म्हणजे असेम्बल केलेला डेस्कटॉप, त्यावर विंडोज १०. डोंगल वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारा.

सर्वात आधी कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीत राउटरला सतत पिंग, म्हणजे हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणं, १९२.१६८.१.१ या पत्त्यावर. दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्यावर. घरगुती निदानात यापेक्षा स्वस्त आणि खरं बोलणारं साधन मला माहीत नाही. पहिली खिडकी सुरळीत आणि दुसरी अडकली, तर दोष राउटरच्या पलीकडे, म्हणजे लाइनमध्ये. दोन्ही एकदम अडकल्या, तर दोष घरातच, संगणक आणि राउटर यांच्या मधे. वीस मिनिटं आम्ही चहा घेत बसलो, काहीच झालं नाही. मग सगळे जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तर वायफाय तुटलेलं. पण दोन्ही खिडक्या मीच जाण्याआधी बंद केल्या होत्या, त्यामुळे पुरावा हाती लागला नाही.

यंत्र रिकामं असताना तुटतंय म्हटल्यावर वीज वाचवण्याच्या सेटिंगचा संशय आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या प्रॉपर्टीजमधलं पॉवर मॅनेजमेंटचं पान उघडलं. वीज वाचवण्यासाठी संगणकाने हे उपकरण बंद केलं तरी चालेल, अशा अर्थाच्या ओळीपुढे खूण होती. ती काढली. पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टरला मॅक्सिमम परफॉर्मन्स दिलं, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं. पुन्हा अर्धा तास संगणक तसाच सोडला. वायफाय टिकलं. मी खूश होऊन दाजींना म्हणालो, "झालं काम," आणि कोल्हापूरला परतलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीचा फोन आला. "मामा, चहा पिऊन आल्यावर आता नेट जात नाही. पण काम चालू असताना परत गेलं."

चूक माझी होती. एक कारण सापडलं की शोध संपला असं मी धरून चाललो. एकाच माणसाला पित्त आणि मलेरिया दोन्ही झालेले असावेत आणि डॉक्टरने पित्ताचं औषध देऊन घरी पाठवावं, तसं मी केलं होतं. ती खूण हे खरंच एक दुखणं होतं, पण लहानसं.

आता घाई नव्हती. विवरणांचं काम मोबाइलच्या केबलवर चाललं होतं. मी भाचीला म्हटलं, एक रफ वही घे. दाजींचं पोर्टलचं काम नसेल तेव्हा केबल काढून वायफाय चालू ठेवायचं आणि नेट गेलं की तीन गोष्टी लिहायच्या: घड्याळातली वेळ, त्याच क्षणी तुझ्या फोनवर वायफाय चालू आहे का, आणि संगणकावर नेमकं काय चाललं होतं. ती बारावी विज्ञानाला आहे, प्रयोगवही लिहायची सवय आहे, तिने हे मनावर घेतलं. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा दीड पान भरलं होतं. तिच्या अक्षरातल्या ओळी अशा होत्या: "११:०८ गेलं, माझा फोन चालू, बाबा एक्सेल. १२:०९ गेलं, फोन चालू, बाबा पीडीएफ सेव्ह करत होते. १:०८ जेवत होतो, माहीत नाही. २:०८ गेलं, फोन चालू, ४ मिनिटं आलंच नाही."

त्या पानाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. सहा महिन्यांत जे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते पेन्सिलीने लिहून समोर ठेवलेलं होतं. फोन प्रत्येक वेळी चालू, म्हणजे राउटर निर्दोष, लाइन निर्दोष, पॅसेजमधला डबा अनावश्यक. आणि दोन नोंदींमधलं अंतर जवळजवळ बरोबर एक तास. रेडिओ लहरींना घड्याळ कळत नाही. शेजाऱ्यांचा वायफाय, भिंत, पाऊस, यांतलं काहीच तासाच्या ठोक्याला येत नाही. ठोक्याला येतं ते कुणीतरी लावून ठेवलेलं काम.

खात्रीसाठी विंडोजचा स्वतःचा अहवाल काढला. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की मागच्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं आणि कधी तुटलं याचा आलेख ब्राउझरमध्ये बघता येतो. हे साधन विंडोजमध्येच असतं, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. फार थोडे लोक ते वापरतात याची मला खंत वाटते. आलेखातल्या लाल खुणा वहीशी मिनिटाला मिनिट जुळल्या. दुपारी एकची, जेवतानाची, तीही तिथे होती.

आक्काचा संशय मायक्रोवेव्हवर होता. तो रास्त होता, कारण मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते. भांड्यात पाणी ठेवून दोन मिनिटं भट्टी चालवली. पिंग जरा वरखाली झालं, तुटलं नाही. स्वयंपाकघर हॉलच्या पलीकडे आहे. तो संशय मिटला.

मग प्रश्न एवढाच उरला की या संगणकावर दर तासाला काय चालतं?

दाजींना विचारलं तर ते म्हणाले, "काही नाही बाबा." टास्क मॅनेजरमध्येही डोळ्यांत भरण्यासारखं काही दिसेना. शेवटी मी टेबलाखाली शिरलो. कॅबिनेट भिंतीला टेकवलेलं, मागे कोळिष्टकं आणि वायरींचा गुंता. टॉर्च मारला तर मागच्या बाजूला यूएसबीची दोन निळी भोकं एकावर एक होती. वरच्यात डोंगल. खालच्यात एक जाड काळी केबल, ती कपाटाच्या फळीवर ठेवलेल्या पोर्टेबल हार्ड डिस्ककडे जात होती. डोंगल आणि केबलचं टोक यांच्यात माझं करंगळीचं नखही धड शिरत नव्हतं.

"दाजी, ही डिस्क कधीपासून?"

"ती होय, ती जानेवारीत घेतली. मागे डेटा गेला होता ना, तेव्हा पुतण्याने आपोआप बॅकअप लावून दिला."

तो बॅकअप म्हणजे विंडोजची फाइल हिस्टरी. तिची मूळ सेटिंग दर तासाला नक्कल घेण्याची असते. विंडोज नव्याने टाकल्यावर पुतण्याने तीच पुन्हा लावून दिली होती, हे नंतर कळलं. जानेवारीत डिस्क आली, जानेवारीतच त्रास सुरू झाला. आणि मुदतीच्या आठवड्याचं कोडंही इथेच उलगडलं. एरवी तासाभरात दोन-चार फाइली बदलतात, त्यांची नक्कल काही सेकंदांत होते, तेवढ्यात वायफाय फार तर अडखळतं. मुदतीच्या आठवड्यात तासाला पक्षकारांच्या शेकडो फाइली येतात-जातात, डिस्क तीन-चार मिनिटं सलग धावते, आणि तेवढा वेळ वायफाय टिकत नाही. पोर्टलवरची गर्दी आणि डिस्कचं धावणं एकाच आठवड्यात येत होतं, म्हणून दोष पोर्टलवर गेला.

पण केवळ शेजारी असल्याने एका वस्तूचा दुसरीला एवढा त्रास कसा होतो? निळं भोक म्हणजे यूएसबी ३.०. त्यातून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने धावतो, जुन्या यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट. ५ गिगाबिटच्या या धावपळीतून विजेचा जो गोंगाट उठतो तो फार रुंद पट्ट्यात पसरतो आणि २.४ गिगाहर्ट्झचा वायफायचा पट्टा त्याच्या मधोमध येतो. केबल आणि प्लगचं टोक जिथे नीट झाकलेलं नसतं, तिथून तो बाहेर सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये या विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने वाढल्याचं त्यात दाखवलं आहे. २० डेसिबल म्हणजे शंभर पट. हा गोंगाट वायफायच्या स्वतःच्याच पट्ट्यात पडत असल्यामुळे गाळूनही टाकता येत नाही.

लग्नाच्या वरातीत बँडच्या अगदी पुढ्यात उभं राहून कुणी आपल्याशी बोलत असेल तर त्याचा आवाज कमी झालेला नसतो, तरी आपल्याला काही ऐकू येत नाही. दाजींच्या डोंगलचं तेच होत होतं. रेंजच्या काड्या तर तेव्हाही चांगल्या दिसायच्या, कारण त्या काड्या राउटरचा आवाज किती मोठा आहे तेवढंच सांगतात. आजूबाजूला किती कल्ला आहे हे त्या सांगत नाहीत. "रेंज फुल्ल आहे तरी नेट जातं" असं कुणी म्हणालं की आता मी आधी आसपासचा कल्ला शोधतो. रेंज वाढवणाऱ्या डब्याचा उपयोग का झाला नाही, हेही यातच आलं.

अंदाज बरोबर आहे हे पडताळायला हवं होतं. आदल्या वेळची चूक पुन्हा करायची नव्हती, म्हणून एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीन-तीन चाचण्या. पिंगच्या खिडक्या या वेळी बंद केल्या नाहीत. सुरुवातीला राउटरकडून उत्तर २ ते ४ मिलिसेकंदांत येत होतं. सुमारे ४ जीबीचं एक फोल्डर डिस्कवर कॉपी करायला घेतलं. दहा सेकंदांत आकडे फुगले: १८०, ३१०, ६४०. मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', लागोपाठ. चाळिसाव्या सेकंदाला वायफायची खूण गेली. दाजी खुर्चीतून पुढे झुकून बघत होते. कॉपी थांबवली, थोड्या वेळाने वायफाय आपणहून जोडलं गेलं. तिन्ही वेळा हेच. भाचीने तिन्ही वेळा वेळ लिहिली.

दुसरी पायरी. डोंगल जागेवर ठेवला आणि डिस्क काढून काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या भोकात लावली. कॉपीचा वेग सेकंदाला शंभर एमबीवरून पस्तिसाच्या आसपास आला, पण पिंग ३ मिलिसेकंदांच्या वर जाईना. तिसरी पायरी. डिस्क पुन्हा निळ्या भोकात, आणि डोंगल काढून दीड मीटरच्या यूएसबी एक्सटेंशन केबलला लावून टेबलाच्या वरच्या कडेला आणला. डिस्क पूर्ण वेगाने चालली आणि पिंग जागचं हललं नाही. शेवटी डोंगल पुन्हा मूळ जागी लावून पाहिला. लगेच तुटलं. तेव्हा कुठे मला खात्री वाटली.

इथे मला सर्वात जास्त हळहळ एप्रिलमधल्या त्या नव्या डोंगलची वाटली. जुना डोंगल चांगला होता. नवाही चांगला होता. दोन्ही त्याच निळ्या भोकात, त्याच डिस्कच्या डोक्यावर बसवले गेले. राउटर बदलला, विंडोज बदललं, डोंगल बदलला, फक्त डोंगलची जागा कुणी बदलली नाही. ती टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून होती, कुणाला दिसतच नव्हती. ज्यांनी दुरुस्ती केली त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. त्यांना दहा मिनिटांत पुढच्या घरी जायचं असतं, आणि त्या दहा मिनिटांत डिस्क झोपलेली असेल तर यंत्र त्यांच्यासमोर धडधाकटच दिसणार.

उपाय काय ठेवले ते सांगतो. डोंगल एक्सटेंशनवरच राहिला. दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने तो टेबलाच्या कडेला बसवला, राउटरच्या दिशेला. डिस्क काळ्या भोकात लावली. बॅकअपला पस्तीस एमबीचा वेग पुरे आहे, दाजींना तिथे घाई नाही. वीज वाचवण्याची खूण काढलेलीच ठेवली. राउटरवर २.४ च्या पट्ट्याची रुंदी कुणीतरी ४० मेगाहर्ट्झ केली होती, ती २० केली. शेजारीपाजारी नेटवर्कं बरीच आहेत, रुंद पट्टा घेऊन सगळ्यांच्या पायात पाय येतात. पॅसेजमधला डबा काढून आक्काकडे दिला. बॅकअप बंद करावा का, असं दाजींनी विचारलं. मी जोरात नाही म्हटलं. पुतण्याने लावून दिलेला तो बॅकअप ही त्या संगणकावरची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. तीस जणांचे हिशोब एकाच डिस्कवर ठेवणं मला झोप लागू देणार नाही.

यातला कोणताच उपाय महागडा नव्हता. एक्सटेंशनची केबल तर माझ्या बॅगेतलीच होती. ५ गिगाहर्ट्झवरही चालणारा डोंगल घेतला असता तर हा त्रास बराच टळला असता, कारण ५ गिगाहर्ट्झच्या वायफायपर्यंत हा गोंगाट तितका पोहोचत नाही. पण मधली विटांची भिंत त्या लहरींना जास्त जड जाते, आणि चालणारी वस्तू टाकून नवी घ्यायला माझं मन होत नव्हतं.

भाचीला वही चालूच ठेवायला सांगितलं होतं. पुढच्या नऊ दिवसांत एकच नोंद झाली: "४:३५ गेलं, माझा फोनपण गेला, लाइट गेली होती."

खरी परीक्षा जुलैच्या वीस तारखेची होती. त्या दिवशी मी मुद्दाम फोन केला नाही. रात्री सव्वाअकराला दाजींचाच आला. सगळी विवरणं संध्याकाळी सातलाच भरून झाली होती, त्यांना ते सांगायचंही राहिलं होतं. फोन वेगळ्याच कारणासाठी होता. दिवाळीत रंगकाम काढायचं आहे, तेव्हा हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर पट्टीतून ओढून घ्यायची असं त्यांच्या मनात आलं होतं. मी म्हटलं, याहून चांगलं काही नाही. त्यांनी भाचीला टेप घेऊन उभं केलं आणि फोन चालू असतानाच मोजलं. अठ्ठावीस फूट भरलं. वळणं आणि दाराची चौकट धरून मी त्यांना १२ मीटर कॅट-६ वायर लिहून घ्यायला सांगितली.